निळंच झाकण का वाकतं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबडमधलं छोटं युनिट, 250 टनी इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणारी), एचडीपीईचं, म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिथिलीनचं, 300 मिलिमीटर व्यासाचं गोल झाकण, मधोमध एकच गेट, म्हणजे रस साच्यात शिरायचं तोंड. नॅचरल (बिनरंगी) आणि पांढरं झाकण सपाट निघतं, डब्यावर टक्कन बसतं. तोच मोल्ड, तीच मशीन, त्याच बॅचचा दाणा. पण निळा मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचा घट्ट रंग) पडला की झाकण दुसऱ्या दिवशी टेबलावर डुगडुगतं. कूलिंग 18 सेकंदांवरून 28 वर नेलं, मास्टरबॅचवाला बदलला, डोस 2 टक्क्यांवरून दीडवर आणला. फरक शून्य. तुमचं विचारणं असं की मास्टरबॅचमध्ये भेसळ आहे का, आणि नसेल तर चूक कुणाची?

भेसळ नाही. उलट चांगला, शुद्ध निळा मिळालाय म्हणूनच हे होतंय. ऑपरेटरचीही चूक नाही. चूक धरायचीच तर मोल्ड बनवताना ज्याने कुणी श्रिंकेजचा, म्हणजे गार होताना आकसण्याचा, एकच आकडा धरला आणि पुढे कोणकोणते रंग चालवायचे हे विचारलंच नाही, त्याची धरा. तो माणूस मीही राहिलेलो आहे, ते पुढे सांगतो.

आधी त्या निळ्याबद्दल. बाजारात त्याला थॅलो ब्लू म्हणतात, सीपीसी म्हणतात, खरेदीवाले अल्फा ब्लू आणि बीटा ब्लू असं ओळखतात. पूर्ण नाव कॉपर थॅलोसायनिन, पिग्मेंट ब्लू 15 च्या घराण्यातला. याच्या जातकुळीचा शोध मजेशीर आहे. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात थॅलिमाइड बनत असताना भांड्याच्या आतल्या लेपाला तडा गेला, उघडं पडलेलं लोखंड रसायनात मिसळलं आणि मालात निळसर-हिरवी घाण दिसायला लागली. ती घाण म्हणजे लोखंडाचं थॅलोसायनिन. कुणीतरी ती फेकून न देता तपासली. पुढे तांब्याचं थॅलोसायनिन 1935 मध्ये मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आलं, आणि त्यानंतर स्वस्त, 300 अंशांपर्यंत तग धरणारा, उन्हात न उडणारा आणि चिमूटभरात गडद रंग देणारा दुसरा निळा आजतागायत कुणाला सापडलेला नाही. आपल्याकडे अंकलेश्वर-वापीच्या पट्ट्यात तो टनावारी बनतो. त्यामुळे तुम्ही कुणाकडूनही सांगून-न सांगून साधा निळा मास्टरबॅच घेतलात, तर आत बहुतेक वेळा थॅलोच असणार. मास्टरबॅचवाला बदलून काही झालं नाही, त्याचं कारण एवढंच.

आता हा रंग झाकण वाकवतो कसा?

खडीसाखर कशी बनते आठवा. पाक नुसता ठेवला तर स्फटिक जमायला वेळ लागतो आणि ते कुठेही, कसेही जमतात. पण त्यात दोरा सोडला की दोऱ्याला धरून खडे भराभर वाढतात. एचडीपीई आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हे अर्धस्फटिकी प्लास्टिक. वितळलेलं असताना त्यांच्या साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. थंड होताना त्यांतल्या बऱ्याच साखळ्या घड्या घालून रांगेत बसतात, म्हणजे स्फटिक होतात. असं बसायला जागा कमी लागते. पॉलिथिलीनचा स्फटिकी भाग घनतेला 1.00 च्या आसपास, अस्ताव्यस्त भाग 0.855 च्या आसपास, आणि मोल्डमध्ये शिरणारा गरम रस तर 0.76 वगैरे. झाकण तयार होतं तेव्हा 0.955. म्हणजे आकारमान वीस टक्के घटायला हवं. होल्डिंग प्रेशरने, म्हणजे साचा भरल्यावरही मागून रस दाबत राहून, आपण त्यातलं बरंचसं भरून काढतो, म्हणून लांबीत दीड ते तीन टक्के श्रिंकेज उरतं. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये हेच 0.4 ते 0.7 असतं, कारण तिथे स्फटिकच नाहीत.

थॅलोचा कण म्हणजे त्या पाकातला दोरा. त्याच्या पृष्ठभागावर अणूंची जी ठेवण आहे ती पॉलिथिलीनच्या साखळीला घडी घालून बसायला सोयीची पडते. त्यामुळे रस जिथे नॅचरलमध्ये अजून थोडं थंड व्हायची वाट पाहत असतो, तिथे निळ्यात आधीच गोठायला लागतो, आणि अनेक ठिकाणी एकदम.

कुणी म्हणेल, मग कण बारीक आहेत म्हणूनच हे होतं. पूर्ण खरं नाही. हिशोब करू. टनभर दाण्यात एक किलो थॅलो पडला, ग्रॅमला साठ चौरस मीटर पृष्ठभाग धरला, तर साठ हजार चौरस मीटर होतात. म्हणजे पंधरा एकर, एका टनात. ऐकायला भारी वाटतं. पण पांढऱ्या झाकणात टायटॅनियम डायऑक्साइड टनाला दहा किलो पडतो, त्याचा ग्रॅमला दहा चौरस मीटर धरला तरी एक लाख चौरस मीटर होतात, पंचवीस एकर. तरी पांढरं झाकण सपाट. टायटॅनियमच्या कणांवर अॅल्युमिना-सिलिकाचा लेप असतो आणि त्याच्याशी साखळीचं जुळत नाही. म्हणजे शेत किती मोठं हे दुय्यम, पीक धरतं की नाही ते महत्त्वाचं. आणि म्हणूनच डोस 2 वरून दीडवर आणून काही झालं नाही. तुमच्या मास्टरबॅचमध्ये रंग दहा टक्के असेल तर झाकणात तो 0.2 टक्क्यांवरून 0.15 वर आला. पण विरजणाला एक चमचाही पुरतो. याच्या दहाव्या हिश्श्यातही थॅलो आपलं काम करतो. रंग फिका करून झाकण सरळ करायच्या नादाला लागू नका.

लवकर गोठलं तर बिघडलं काय? नुसतंच लवकर गोठतं असतं तर फक्त श्रिंकेजचा आकडा थोडा सरकला असता. गोम दिशेत आहे. रस गेटमधून आत घुसतो तेव्हा साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, केस विंचरल्यासारख्या. नॅचरलमध्ये गोठायच्या आधी त्यांना थोडी सवड मिळते, त्या पुन्हा गुरफटतात. निळ्यात ती सवड मिळत नाही. विंचरलेल्या अवस्थेतच त्यांच्यावर स्फटिक चढतात. अशा ठेवणीत एचडीपीई प्रवाहाच्या दिशेने जास्त आकसतं आणि आडव्या दिशेने तुलनेने कमी. नॅचरलमध्येही हा फरक असतोच. निळा तो वाढवतो.

तुमच्या झाकणात गेट मधोमध आहे, म्हणजे प्रवाह सगळीकडून बाहेर, सायकलच्या आऱ्यांसारखा. आरे जास्त आकसले, धाव कमी आकसली. आता कडेचा परीघ त्रिज्येच्या मानाने मोठा झाला. जास्तीचा परीघ जाणार कुठे? तो वर-खाली लाटेत जातो. दोन बाजू वर, दोन बाजू खाली, घोड्याच्या खोगिरासारखं. तुमचं झाकण टेबलावर डुगडुगतं म्हणजे ते समोरासमोरच्या दोन टोकांवर टेकतंय. ते डुगडुगत नसतं, नुसतं वाटीसारखं झालं असतं, तर प्रकरण उलट असतं: परीघ कमी पडला असता, आणि मी तुम्हाला आधी कोअर-कॅव्हिटीच्या, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांच्या, पाण्याचं तापमान विचारलं असतं. फोटो न बघताही एवढं सांगता येतं, म्हणून "डुगडुगतं" हा शब्द तुम्ही लिहिलात ते बरं केलं.

आकडा घालून बघा. आऱ्याच्या आणि धावेच्या श्रिंकेजमध्ये फक्त 0.4 टक्क्यांचा फरक आला असं धरा. 300 मिलिमीटरच्या झाकणाचा परीघ 942, त्याचे 0.4 टक्के म्हणजे पावणेचार मिलिमीटर. एवढासा जास्तीचा परीघ लाटेत बसवायचा तर, झाकण कागदासारखं लवचीक आहे असं समजून, कड दहाएक मिलिमीटर वर आणि तेवढीच खाली जाते. प्रत्यक्षात कडेची घडी आणि रिब (मजबुतीच्या उभ्या पट्ट्या) अडवतात म्हणून इतकी जात नाही. पण यात एक खोच आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही: लाटेची उंची फरकाच्या वर्गमुळाने चालते. फरक चौथ्या हिश्श्यावर आणलात, 0.1 टक्का केलात, तरी लाट निम्मीच होते. म्हणून सेटिंग बदलत बदलत "थोडं सुधारलं, पण पुरेसं नाही" असा अनुभव महिनोन्महिने येत राहतो. दुसरं, जाडी आणि रिबमुळे एका मर्यादेपर्यंत झाकण ताण आत दाबून सपाटच राहतं आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम उसळतं. सकाळच्या शिफ्टला बरी निघालेली झाकणं दुपारी बिघडतात, ती बहुतेक त्या मर्यादेवर उभी असतात. आणि जी निळी झाकणं आज सपाट दिसतायत त्यांच्यावरही विश्वास टाकू नका. ताण आत तसाच आहे, टेंपोत उन्हाखाली दोन तास राहिली की दाखवतात.

आता माझी गोष्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी शिफ्ट इंजिनिअर होतो, दुधाच्या पिशव्यांचं क्रेट आम्ही मोल्ड करत होतो, बाहेरची लांबी 600 मिलिमीटर. मोल्ड आला, ट्रायल नॅचरलवर घेतली, पार्टीने मापं पास केली, सगळ्यांनी हात मिळवले. ऑर्डर निळ्याची होती. पहिले पाचशे क्रेट निघाले आणि दुसऱ्या दिवशी कळलं की लांब भिंती पोटाशी आत आल्यात. एकावर एक दहा रचले की अकरावं अडकतं. 600 वर 0.2 टक्के म्हणजे सव्वा मिलिमीटर, आणि खाचेतली फट होती एक. आम्ही काय केलं? भिंतीच्या बाजूला स्टील काढून घेतलं, निळं क्रेट बसेल असं माप केलं. दोन महिन्यांनी त्याच पार्टीने पिवळं मागितलं. पिवळा अजैविक होता, तो निळ्यासारखा आकसला नाही, आणि आता पिवळं क्रेट खाचेत घट्ट बसून निघेना. मोल्ड पुन्हा टूलरूमला, म्हणजे साचे घडवणाऱ्यांकडे. ते बिल कुणी भरलं हे विचारू नका. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून आहे: ज्या मोल्डवर थॅलोचा निळा किंवा हिरवा एकदा तरी चालणार आहे, त्याचं माप त्या रंगावर बघूनच कायम करायचं, बाकीच्या रंगांना होल्डिंगच्या साहाय्याने त्याच्याकडे ओढता येतं का ते बघायचं. नॅचरलवर मोल्ड पास करणं म्हणजे नवरदेव न बघता शेरवानी शिवणं.

तुमच्या मोल्डचं आता काय करायचं, त्याकडे येतो. पण आधी खात्री करून घ्या, कारण मी इथे बसून बोलतोय. नॅचरल, पांढरं आणि निळं, तिन्ही एकाच सेटिंगवर चालवा. रंग बदलल्यावर बॅरल नीट पर्ज करा, म्हणजे आतला जुना रंग काढून टाका, आणि पहिले वीस-तीस शॉट बाजूला टाका. थॅलोचा अंशही पुरतो हे आत्ताच सांगितलं. प्रत्येक रंगाची दहा झाकणं घ्या, निघाल्याबरोबर मार्करने नंबर टाका आणि मोल्डच्या वरच्या बाजूला कडेवर एक खूण करा. मग ती एकेक सुटी, सपाट पाटावर ठेवा. थप्पी लावू नका! थप्पीत खालची झाकणं वरच्यांच्या वजनाने सरळ होतात, आणि क्यूसीवाला खालचंच उचलून "ओके" लिहितो. श्रिंकेज मोजायची आयएसओ 294-4 ही पद्धत 16 ते 24 तासांनी मोजायला सांगते. एचडीपीईला मी 48 तास देतो. मग सरफेस प्लेटवर ठेवून फिलर गेजने कडेची फट आठ ठिकाणी बघा, आणि व्हर्नियरने व्यास चार दिशांना. निळ्यात फट-टेक-फट-टेक असा क्रम लागला, आणि त्याच वेळी मधल्या भागावर कोरलेल्या कुठल्याही दोन खुणांमधलं आऱ्याच्या दिशेचं अंतर पांढऱ्यापेक्षा कमी भरलं, तर माझं म्हणणं खरं. मोल्डवर अशा खुणा नसतील तर टूलरूमकडून नखाने जाणवेल एवढी बारीक रेघ दोन ठिकाणी मारून घ्या. ग्राहकाला दिसत नाही, तुम्हाला आयुष्यभर उपयोगी पडते.

वाद घालायची वेळ आली तर सिपेटसारख्या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत डीएससी, म्हणजे प्लास्टिक कुठल्या तापमानाला वितळतं-गोठतं ते दाखवणारी चाचणी, करून घ्या. पाच-दहा मिलिग्रॅमचा तुकडा पुरतो. थंड करतानाचं शिखर निळ्यात वरच्या तापमानाला सरकलेलं दिसतं, आणि मास्टरबॅचवाल्याशी बोलणं एकदम सभ्य होतं. पीपीमध्ये हा सरकाव आणखी ठळक असतो: नॅचरल 110-115 अंशांना गोठतं, निळं 120 च्या वर.

उपायांत पहिला आणि खरा उपाय रंग बदलणं. निळ्यासाठी अजैविक दोन: अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू. अल्ट्रामरीन म्हणजे आपल्या आज्या धोतराला लावायच्या ती नीळच. वाकवत नाही, उष्णता सोसते. पण दम कमी. थॅलोएवढा गडदपणा हवा तर कित्येक पट घालावी लागते, आणि आम्लाशी तिचं जमत नाही, लिंबाच्या लोणच्याच्या डब्याला ती देऊ नका. कोबाल्ट ब्लू टिकाऊ आहे, पण भाव ऐकून पार्टी फोन ठेवते. थोडा थॅलो आणि बाकी अल्ट्रामरीन असा मध्यम मार्ग मास्टरबॅचवाले सुचवतात. वर सांगितलंय ते लक्षात ठेवा, "थोडा" थॅलो हा थोडं वाकवत नाही. अल्फाऐवजी बीटा घेऊन मी पाहिलंय, सुटका नाही. कणांवर लेप दिलेले लो-वार्प थॅलो मिळतात. त्यांनी परिणाम कमी होतो, शून्य होत नाही. तुमच्या झाकणाच्या कडेची फट थोडीच असेल तर ते पुरतील. मागवताना तोंडी "चांगला निळा द्या" म्हणू नका. "एचडीपीईचं सपाट झाकण आहे, लो-वार्प हवा, थॅलो असेल तर कळवा" असं ऑर्डरवर लिहून मागवा.

हिरव्यातही हेच आहे, थॅलो ग्रीन त्याच जातीचा. क्विनॅक्रिडोनचे गुलाबी-जांभळट लाल, डायोक्साझिनचा व्हायोलेट, डीपीपी लाल, हेही वाकवणाऱ्यांतले. आयर्न ऑक्साइड, क्रोम-टायटेनियमचे पिवळट तपकिरी, बिस्मथ व्हॅनाडेटचा पिवळा हे शांत. क्विनॅक्रिडोनची आणखी एक गंमत, तुम्ही पीपी चालवलंत तर कामाला येईल: त्याचा गॅमा प्रकार पीपीमध्ये नेहमीच्या स्फटिकांऐवजी बीटा जातीचे स्फटिक उगवतो, जे 150 अंशांच्या आसपासच वितळतात आणि जास्त चिवट असतात. म्हणजे त्या लाल रंगाने नुसती मापंच नाही, वस्तूचा स्वभावच बदलतो. एकदा लाल बादली पडून फुटत नव्हती आणि शेजारची निळी फुटत होती, मालकाला वाटलं दाण्यात फरक आहे.

काळा सहसा निरुपद्रवी असतो, पण बाजारातल्या काळ्यात काळेपणा खुलावा म्हणून निळ्याचा टोनर टाकतात. पांढऱ्यातही पिवळेपणा मारायला निळा टाकतात. तो अल्ट्रामरीन असेल तर ठीक, थॅलो असेल तर पांढरं झाकणही एक दिवस वाकेल आणि तुम्ही मशीनला शिव्या घालाल. सगळ्यात जास्त फसगत मात्र ग्राइंडिंगमध्ये होते. निळे रनर (रसाच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट दळून काळ्यात ढकलायची आपली पद्धत आहे, कारण काळ्यात सगळं खपतं. रंगाने खपतं, मापाने नाही. तुमची काळी झाकणं कधी बरी कधी वाईट येत असतील तर आधी ग्राइंडरजवळची पोती बघा. याच कारणाने रिप्रो दाण्याची, म्हणजे जुन्या प्लास्टिकपासून पुन्हा बनवलेल्या दाण्याची, वस्तू रंग कुठलाही घाला, जवळजवळ एकसारखीच आकसते. त्यात कुणाच्या तरी जुन्या निळ्या ड्रमचा थॅलो आधीच मुरलेला असतो.

पार्टीला हाच निळा हवा, पँटोनचा (रंगाच्या ठरलेल्या पट्टीवरचा) नंबर देऊन बसलीय, रंग बदलता येत नाही, तर मशीनवर जेवढं होईल तेवढं करू. कूलिंग वाढवून तुम्ही फक्त वीज घालवलीत. वाकायचं ते गोठतानाच ठरतं, नंतर जास्त वेळ मोल्डमध्ये धरून ठेवलं तर बाहेर येऊन वाकतं, इतकंच. मेल्ट, म्हणजे रसाचं तापमान, वाढवा. आत्ता 200 ला असाल तर 230 पर्यंत जाऊन बघा, विंचरलेल्या साखळ्यांना सवड मिळते. इंजेक्शन वेगाने भरा. मग होल्डिंग. खोगीर होतंय म्हणजे मधला भाग लहान पडतोय. गेट मधेच आहे, म्हणून जास्त होल्डिंग दिलं की मधला भाग भरतो आणि खोगीर उतरतं. पण निळ्यात गेट लवकर गोठतं, गोठल्यावर दिलेलं होल्डिंग फुकट. म्हणून गेट कधी बंद होतं ते निळ्यावरच शोधा: होल्डिंगची वेळ एकेक सेकंदाने वाढवत जा, दर वेळी झाकण काट्यावर ठेवा, वजन वाढायचं थांबलं की तो सेकंद. पांढऱ्यावर काढलेली वेळ निळ्याला लावू नका. वेळ ठरली की मग दाब वाढवा, फ्लॅश (साच्याच्या सांध्यातून बाहेर येणारी पातळ पापडी) येईपर्यंत नाही, पण त्याच्या जवळ.

दाणा बदलता आला तर जास्त एमएफआयचा (वितळल्यावर जास्त सहज वाहणारा) आणि आण्विक वजनाची विभागणी अरुंद असलेला ग्रेड कमी विंचरला जातो, म्हणून कमी वाकतो. त्याची किंमत अशी की चिवटपणा आणि ताणाखाली तडे न जाण्याची क्षमता घटते. झाकणाला चालेल. साबण किंवा तेल जवळ येणाऱ्या क्रेटला चालणार नाही.

निघाल्याबरोबर फिक्स्चरमध्ये (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीत) दाबून गार करायचा उपाय सगळेच सुचवतात. मी त्याला रंगरंगोटी म्हणतो. झाकण दोन दिवस सरळ दिसतं, मग गोदामात आपल्या मूळ स्वभावावर येतं. जाड कडेच्या वस्तूत थोडा फायदा होतो हे मान्य.

न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे स्फटिक धरायला मुद्दाम टाकलेला दोरा, सगळ्या रंगांत घालून सगळ्यांचं श्रिंकेज एका पातळीवर आणायचं, हा पीपीतला छान उपाय आहे. बेस दाणाच न्यूक्लिएटेड किंवा क्लॅरिफाइड घेतला की रंगाला करायला फारसं काही उरत नाही, वर एकेका झाकणाला लागणारा वेळही कमी होतो. एचडीपीई मात्र मुळातच एवढं भराभर गोठतं की त्यात बाहेरून टाकलेल्या एजंटला थॅलोवर मात करणं अवघड जातं. तुमच्या झाकणाला पीपी चालत असेल तर त्या बाजूने विचार करा. डबा कशाचा आहे आणि झाकण थंडीत पडल्यावर फुटता कामा नये का, हे मला माहीत नाही म्हणून सल्ला देत नाही.

मोल्डला हात लावायची वेळ आली तर गेट एकाचे तीन करण्याआधी कडेच्या घडीची खोली दीड-दोन मिलिमीटरने वाढवता येते का ते टूलरूमला विचारा. कड जितकी उभी, तितकी लाट अवघड. तीन गेट केलेत तर आऱ्यांचा प्रवाह मोडेल, पण तीन वेल्ड लाइन (दोन प्रवाह भेटतात तिथल्या रेघा) येतील आणि पार्टी उद्या त्यांच्यावरून भांडेल.

राहिला पडून असलेला वाकडा माल. गरम पाण्यात घालून दाबून सरळ करायचा सल्ला कुणी देईल. करू नका, गरम झाल्यावर एचडीपीई आणखी आकसतं आणि मापच हातचं जातं. दळा, पोत्यावर "निळा थॅलो" असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि मग, बादलीचे कान, टमरेलं, कुंड्या, सपाट नसलेलं आणि कशावर बसायचं नसलेलं जे काही तुमच्याकडे चालतं, त्यात संपवा. काळ्या झाकणात नाही.